ढीग सरेपर्यंतची चाल

मला संगीतातलं कळतं, ही अफवा सौंसरमध्ये मी स्वतःच पसरवली. त्यासाठी फार कष्ट पडले नाहीत. गणित शिकवणाऱ्या माणसाने मधल्या सुट्टीत डोळे मिटून टेबलावर बोटं आपटली, की स्टाफरूम आदराने गप्प होते. निम्मे लोक डुलक्या घेत असल्यामुळे गप्प असतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी नागपूरहून एक जुना कीबोर्ड आणून बसलो होतो. रोज सकाळी अंघोळीआधी तासभर वाजवायचो. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "तुमचं झालं का सांगा जी, मंग मी मिक्सर लावतो. दोन्ही आवाज संगमंग नाई सोसत."

गुरू मी फोनलाच केलं होतं. त्या फोननेच एके दिवशी मला 'मोडल जॅझ वॉल्ट्झ' हे तीन शब्द दिले आणि मी बिघडलो. वॉल्ट्झ म्हणजे युरोपातला तीन मात्रांचा नाच. जॅझ अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी घडवलं. त्यात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या मुठी, भराभर बदलायच्या आणि वादकाने त्यांच्यामागे धावायचं. गेल्या शतकाच्या मध्याला काही वादक या धावण्याला कंटाळले. एकच सुरावट धरायची, तिच्यातच फिरायचं, हवं तितकं थांबायचं, असं त्यांनी ठरवलं. ते 'मोडल'. त्याच्याखाली कुणी तीन मात्रा घातल्या की झालं. एवढी माहिती मी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत प्रत्येकाला दिली. मुख्याध्यापक म्हणाले, "चांगलं आहे. नववीचे पेपर तपासून झाले का?"

दौलत मास्तर मला भेटले ते बोरगावच्या एका लग्नात. वरात निंबाखाली अडली होती, कारण नवरदेवाचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, कशावरून तरी रुसले होते आणि त्यांची समजूत काढणं चालू होतं. पांढुर्ण्याची बँड पार्टी बाजूला बसली होती. लाल कोटातला एक वाळका म्हातारा झाडाला टेकून, स्वतःपुरतंच, क्लॅरनेट वाजवत होता. मी ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तीन मात्रा, एकच सुरावट, कुठे जायची घाई नाही. तेच ते!

असं काही सापडल्यावर शहाणा माणूस गप्प बसून ऐकतो. मी सरळ जाऊन त्यांना थांबवलं आणि सांगितलं, "मास्तर, तुम्ही जे वाजवून राहिले ना, त्याला मोडल जॅझ वॉल्ट्झ म्हणतात. आणि हा स्केल डोरियन आहे."

मास्तरांनी क्लॅरनेट खाली घेतली. "असं काय? मले तं काफी वाटून राह्यली होती."

शेजारी मोठा ढोल पोटावर घेऊन बसलेला हिरामण काळजीने म्हणाला, "गुरुजी, औषध भेटते ना त्याच्यावर?"

काफी थाट आणि डोरियन एकच. हे मी घरी येऊन फोनवर तपासलं आणि मास्तर बरोबर आहेत असं फोननेही कबूल केलं, तेव्हा कुठे मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. म्हणजे आधी आदर वाटायला हवा होता, हे आता लिहिताना कळतंय.

त्यानंतर दर रविवारी मी कीबोर्ड चादरीत गुंडाळून पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसू लागलो. मास्तरांचं घर बुद्धविहारामागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. खुंटीवर लाल कोट. तो कोट आधीच्या मास्तरांच्या मापाचा होता. ते मास्तर धिप्पाड होते. दौलत मास्तरांनी तो घातला की कोटाच्या आत ते कुठेतरी असायचे. "बाही लहान काहून नाही करत?" मी विचारलं. "उस्तादाची बाही हाय. मी मोठा व्हाची वाट पाहून राह्यलो," ते म्हणाले. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या आसपास होतं.

त्यांची एक सवय मला पहिल्याच दिवशी दिसली. कोणतीही वस्तू ते तीन हालचालींत हाताळायचे. चहाचा कप उचलायचा, थोडा फिरवून पाहायचा, ठेवायचा. काडेपेटी असो की लग्नपत्रिका, उचल, फिरव, ठेव. माझ्या कीबोर्डची पिनही त्यांनी उचलली, फिरवून न्याहाळली आणि खाली ठेवली. मला वाटलं, वायरिंगमधलं कळत असावं. मी लगेच विजेबद्दल दोन शब्द बोललो.

दुसरी गोष्ट त्यांचे दात. वरच्या बाजूला पुढचे दोनच उरले होते. क्लॅरनेट वाजवताना वरचे दात तिच्या तोंडावर टेकवावे लागतात, त्याशिवाय पकड येत नाही. मास्तर त्या दोन दातांना बोट लावून म्हणत, "या दोन खुट्या हाय गुरुजी. अख्खा बँड याच्यावर टांगला हाय." म्हणून आयुष्यभर संत्र्यांच्या गावात राहून ते संत्रं खात नसत, आंबट लागलं की दात शिवशिवायचे. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा मिरवणुकीत त्यांचाच बँड होता. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "पांढुर्णं जिल्हा झालं, आमी तहसीलचेच राह्यलो. मिरवणुकीत तीन गाणे वाजवले का डीजे आला."

त्या चालीचा जन्म त्यांनी मला तिसऱ्या की चौथ्या रविवारी सांगितला. मीच विचारलं होतं, अर्थात अशा थाटात की उत्तर मला माहीत आहे.

"आमची माय संत्र्याच्या ढिगावर बसे," मास्तर म्हणाले. "तिगावकडच्या बागाइतीत. तोडलेला माल झाडाखाली वतला का बाया भवताल बसत. संत्रं उचलाचं, फिरवून डाग पाहाचा, ठेवाचं. चांगलं इकडं, डागी तिकडं. उचल, फिरव, ठेव. दिवसभर तेच. मी मायच्या मांडीपाशी. हे तीन माह्या हाडात बसले गुरुजी, दूध पेत होतो तवापासून."

"आणि सूर?"

"बाया गुणगुणत. गाणं नाई, नुसतीच चाल. थे चाल कुठी जायेच नाई. काहून जाईन? ढीग केवळा हाय, कवा सरन, कोणाले मालूम? घाई त्याले, ज्याले कुठी पोचाचं हाय. ह्या बायाइले तिथंच बसाचं होतं."

मग ऊन सरकायचं. सावली ढिगाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायची, तशा बायाही उठून तिकडे बसायच्या. तिकडे चाल उचलणारी बाई वेगळी असायची, तिचा गळा जरा चढा. चाल तीच, पण अर्ध्या सुराने वर. थोड्या वेळाने मास्तरांची माय ती पुन्हा आपल्या सुरात ओढून आणायची.

तीन मात्रांची ती वीण वॉल्ट्झच्या वहीत बसवायला ते उस्तादांकडून शिकले होते. कोटाचे मूळ मालक तेच. ते कामठीच्या छावणीतल्या बँडमधून रिटायर होऊन आले होते आणि साहेबांच्या जेवणात वाजणारे वॉल्ट्झ त्यांना पाठ होते. उस्तादांचे तीन आणि मायचे तीन एकत्र आले. मास्तरांनी हिशेबही बांधला होता: तीन मात्रांचा एक फेरा. असे सोळा फेरे खालच्या सुरात, मग आठ फेरे अर्धा सूर वर, मग आठ पुन्हा खाली. बत्तीस फेऱ्यांचं एक घर. ते घर पुन्हा पुन्हा फिरायचं आणि त्यात क्लॅरनेटने वाटेल तसं बोलायचं.

मी ऐकत होतो आणि माझे कान गरम झाले होते. फोनवरच्या विद्वानांनी हाच सांगाडा मला आकृती काढून दाखवला होता. मी तो शाळेत फळ्यावरही काढला होता, त्रिकोणमितीच्या तासाला.

"आणि शेवट कसा आहे?" मी विचारलं.

मास्तरांनी क्लॅरनेट उचलली, फिरवली, मांडीवर ठेवली. "मालूम नाई."

"म्हणजे?"

"शेवटापावेतो कोणी वाजवूच नाई देल्ली. चाळीस वर्सं झाले. सुरू केली का कोणी तरी येते. मास्तर, नाचाचं लावा. मास्तर, नवरदेव निघाला. घरी एकटा वाजवून पाह्यली तं शेवट येत नाई. साथीले कोणी पाह्यजे, समोर माणसं पाह्यजे. लोकं बसले असन, आपण वाजवून राह्यलो, मंग शेवट आपल्या पायानं येईन." दातांना बोट लावून ते पुढे म्हणाले, "ह्या खुट्या हाय तोवर एकडाव झालं पाह्यजे, गुरुजी. बाकी काही नाई मले."

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं: ही चाल शेवटापर्यंत वाजणार आणि साथीला मी असणार.

माझं काम सोपं होतं. दोन कॉर्ड. काफीची एक मूठ, तिच्या शेजारची एक मूठ, आलटून पालटून. बत्तीस फेरे हेच, मधले आठ तेवढे अर्धा सूर वर. मला ते फार अपमानास्पद वाटायचं. मी अकरा प्रकारचे कॉर्ड शिकलो होतो आणि मला दोन मिळाले होते. मी मधेच एखादा तिसरा घुसवायचो. मास्तर वाजवणं न थांबवता नुसत्या भुवया उचलायचे. शिवाय मी मोठ्याने मोजायचो. "एक-दोन-तीन, दोन-दोन-तीन, तीन-दोन-तीन..." मास्तर म्हणायचे, "मोजू नका जी. मोजलं का पाय अडकते." गणिताच्या मास्तरला मोजू नको म्हणणं म्हणजे मासोळीला पोहू नको म्हणण्यासारखं. मी मनात मोजू लागलो, ओठ हलायचे.

वैशाखात माझ्या मेहुण्याचं, प्रमोदचं, लग्न ठरलं. नवरी पांढुर्ण्याची. मी सासुरवाडीत एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हट्ट धरला: डीजे नको, दौलत मास्तरांचा बँड. वरात जानोशातून, म्हणजे वऱ्हाडाच्या उताऱ्यापासून, मांडवापर्यंत त्यांच्या एकाच चालीवर जाईल, मधे कोणी बोलायचं नाही. प्रमोद बिचारा भिडस्त. त्याने होकार दिला, पण त्याचा चेहरा तेव्हाच पडला होता.

मास्तरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. "गुरुजी, ही बसलेल्या बायाइची चाल हाय. चालताना नाई जमाची. जेवाच्या वक्ती मांडवात वाजवू, लोकं बसले राह्यते." मी ऐकलं नाही. मांडवातल्या कढईच्या आवाजात ती कोण ऐकणार, असं मला वाटलं. मला रस्ता हवा होता. खरं सांगायचं तर मला लोकांनी मला पाहायला हवं होतं. बँडच्या ठेल्यावर स्पीकर आणि कीबोर्ड असतो. त्यामागे मी बँडचाच एक लाल कोट घालून बसलो होतो. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आपल्या मावशीच्या मागे जाऊन उभी राहिली.

आता जे झालं ते पाचवीच्या पोरानेही भाकीत केलं असतं. माणसाला पाय दोन. चार मात्रांत चाललं की ठोका दर वेळी डाव्या पायावर येतो. तीन मात्रांत तो एकदा डाव्यावर, एकदा उजव्यावर. हिरामण पोटावर ढोल घेऊन चालत होता, तो आधी डावीकडे कलला, मग उजवीकडे. त्याच्यामागची वरात तशीच कलू लागली. नाचणाऱ्यांना हात वर करायचा एकच नाच येत होता आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या वेळी वर गेला. प्रमोदच्या मामांचा फेटा कुणाच्या तरी बोटात अडकून निघाला. घोडीला ढोलाच्या ठेक्यावर पाय टाकायची सवय. ती थांबली, कान मागे केले आणि शांतपणे उलटी चालू लागली. लोक ओरडले, "ओ मास्तर, काय लावलं हे?"

मास्तर वाजवतच होते. डोळे मिटून, त्या ढगळ कोटात. त्या गोंधळातही ती चाल इतकी सुंदर वाजत होती की मला रडू येत होतं. आणि सोळावा फेरा जवळ येत होता. सावली सरकायची, बाया उठायच्या, अर्धा सूर वर. मी उतावीळ झालो. सोळा मोजायला बसलेला गणिताचा शिक्षक पंधरावरच वर चढला.

मास्तरांनी दचकून मान वळवली, माझ्याकडे पाहायला. क्लॅरनेट तोंडातच होती. त्याच क्षणी लगाम ओढून पुढे आणलेल्या घोडीला चुकवायला एक पोरगा बाजूला उडाला आणि त्याचा खांदा क्लॅरनेटवर बसला.

बँड थांबला. मास्तर रस्त्याच्या कडेला ओट्यावर बसले. त्यांनी तळहातावर काहीतरी थुंकलं. उचललं, फिरवून पाहिलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. दुसरा दातही हलत होता. मी ठेल्यावरून उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो. कुणीतरी डीजेला फोन लावत होतं. मास्तरच बोलले, "जाऊ द्या गुरुजी. तुमाले घाई झाली." त्यांनी मला शिवी दिली असती तर मला सोसलं असतं.

दुसरा दात आठवड्याभराने काढावा लागला. हे मला हिरामणने फोनवर सांगितलं, कारण मी गेलो नाही. पूर्ण पावसाळा मी गेलो नाही. रविवारी काही ना काही काम काढायचो. कीबोर्ड पलंगाखाली गेला. बायकोने दोन महिने वाट पाहिली आणि एकदा मिक्सर बंद करून म्हणाली, "वाजवत नाई तं नाई. पर थ्या माणसापाशी तोंड घेऊन जा ना जी. दात त्याचे गेले, तुमचं तोंड काहून बंद?"

दिवाळीनंतर गेलो. घरी कुलूप होतं. शेजारच्या बाईने सांगितलं, मास्तर तिगावकडे बागेत गेले, संत्र्याची तोड चालू आहे. मी कीबोर्ड घेऊनच आलो होतो, बॅटरीवर चालणारा. का आणला होता, मला सांगता येणार नाही.

झाडांखाली संत्र्यांचा मोठा ढीग होता आणि भोवती सहा-सात बाया बसल्या होत्या. त्यांच्यात मास्तर. कोट नव्हता, बंडीत ते आणखीच लहान दिसत होते. मला पाहून त्यांनी हसून हिरड्या दाखवल्या. "या गुरुजी. दात गेले तं म्हटलं, हात हाय ना." कवळी करून घेतली होती, पण तिने क्लॅरनेट धरली जात नव्हती. "सूर कमी, टकटक जास्त," म्हणत त्यांनी खिशातून कवळी काढून दाखवली. मग तिथलं एक संत्रं सोलून खाल्लं, माझ्यासमोर, मिटक्या मारत. "आता काय भेव हाय?"

मी म्हणालो, "मास्तर, माझ्यामुळं..." पुढचं त्यांनी बोलू दिलं नाही. चादरीकडे बोट दाखवून म्हणाले, "सोडा थे. दोनच मुठी. तिसरी नोका घुसवू."

मी मातीत मांडी घालून बसलो आणि सुरू केलं. मास्तर गुणगुणू लागले. दात नसलेल्या तोंडातून सूर मऊ येत होता. उचल, फिरव, ठेव. एकदोघी बायांनी तो उचलला, मग सगळ्यांनी. हात थांबले नाहीत. मी सवयीने मोजायला लागलो आणि कुठेतरी विसरलो. मधे ऊन सरकलं, बाया उठून पलीकडे बसल्या, कुणीतरी चाल चढ्या गळ्याने धरली आणि माझी बोटं आपोआप अर्धा सूर वर गेली. सोळा झाले होते की चाळीस, मला माहीत नाही. मास्तरांनी मान वळवली नाही.

ढीग कमी होत गेला. बाया एकेक करून थांबल्या. शेवटी मास्तरांसमोर थोडी संत्री उरली. त्यांनी शेवटचं उचललं. फिरवलं, जरा वेळ पाहिलं. ठेवलं. आणि चाल संपली. तिसऱ्या मात्रेवर, 'ठेव'वर. समेवर, पहिल्या मात्रेवर, यायचं नव्हतंच.

मला ते माहीत नव्हतं. माझा हात पुढच्या 'एक'वर पडला. सगळं शांत आणि त्यात माझी एकट्याची मूठ वाजली, ठणठणीत. बाया खदखदून हसल्या. मास्तर तर डोळे पुसेपर्यंत हसले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "ढीग सरला ना, गुरुजी. असा शेवट होता तं. बसल्या बसल्या भेटला असता, मी उगाच कोट घालून हिंडलो." ते खूश होते. इतका खूश झालेला माणूस मी क्वचितच पाहिला आहे. "तो तुमचा 'एक' ठेवा आपल्यापाशी. उद्याच्या ढिगाले कामी येईन."

संक्रांतीच्या आधी ते झोपेतच गेले. मला दुसऱ्या दिवशी कळलं. नववीचा तास मी पुरा घेतला. काय शिकवलं ते मुलांनाच विचारावं लागेल.

पण मला ते दिसतात त्या बागेतून परतताना. माल भरलेल्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसलेले, भोवती क्रेट. माझी बस यायला वेळ होता, मी रस्त्याच्या कडेला कीबोर्ड घेऊन उभा. ट्रॅक्टर निघाला. मास्तरांनी मला पाहिलं. हात उचलला, हवेत जरासा फिरवला, आणि मांडीवर ठेवला. वळणापर्यंत ते तसंच करत राहिले, पुन्हा पुन्हा. किती वेळा, ते मला सांगता येणार नाही. देवाशपथ, मी मोजलं नाही.